चॅम्पियनचा आकडा

माझ्या भावाला घरात सगळे चॅम्पियन म्हणतात. शाळेत पोत्यात पाय घालून पळायच्या शर्यतीत तो एकदा पहिला आला होता, कारण पुढचे दोघे एकमेकांवर आदळून पडले. एवढ्याशा भांडवलावर त्याने विद्यापीठात क्रीडाविज्ञानाला प्रवेश घेतला. त्याला वाटलं, तीन वर्षं चेंडू लाथाडायचे आणि पदवी घेऊन घरी यायचं. पहिल्याच सहामाहीत हाडांची नावं आणि रक्तातली साखर समोर आली, तेव्हा साहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

अक्कल आली नाही, ऐट मात्र आली. गळ्यात शिट्टी, हातात ती प्रोटीनची पूड घुसळायची बाटली. मांडीतल्या प्रत्येक स्नायूचं नाव पाठ, पण जेवलेलं ताट उचलायला कोणता स्नायू लागतो ते बहुधा शिकवलं नसावं. आमचं शिवणकामाचं दुकान आहे. बाबा कापतात, मी शिवते. हा मधूनच यायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "तुमचा डावा खांदा पडलाय." गिऱ्हाईक घाबरायचं, आणि बाबा मापाची पट्टी गळ्यात तशीच ठेवून कौतुकाने बघत राहायचे.

शेवटच्या वर्षी प्रकल्प आला. उतारवयातल्या एका माणसाला रोज व्यायाम द्यायचा आणि त्याची ताकद कशी वाढते ते दाखवायचं. बाबांच्या हृदयात वर्षभरापूर्वी स्प्रिंग बसवली होती आणि डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं होतं. चॅम्पियनला रेघोट्या ओढायला आयतं पीठ मिळालं.

रोज संध्याकाळी बाबा विभागाच्या प्रयोगशाळेत ट्रेडमिलवर चालायचे. छातीला पट्टा, समोरच्या पडद्यावर हृदयाचे ठोके. चॅम्पियनचं सगळं शास्त्र एका गणितात होतं. दोनशेवीसमधून वय वजा करायचं, उरेल त्यातला ठरलेला हिस्सा काढायचा, ठोके तिथपर्यंत गेले म्हणजे व्यायाम झाला. बाबांचे ठोके काही तिथे जाईनात. बाबा घामाने निथळायचे, त्यांना धड एक वाक्य बोलता यायचं नाही, पण आकडा जागचा हलायचा नाही. मग हा वेग वाढवायचा.

"अरे, त्यांचं तोंड बघ कसं झालंय," मी एकदा म्हणाले.

"ताई, तोंड बघून सायन्स होत नाही. आकडा बघ ना. बाबा आरामात आहेत."

आरामात असलेला माणूस घरी येऊन चप्पल न काढताच भिंतीला टेकून बसला.

आणि मग एकाएकी आकडा चढायला लागला. चॅम्पियनला आभाळ ठेंगणं झालं. शेजारपाजारी, न्हाव्याकडे, जिथे जाईल तिथे तो मोबाइलवर आलेख दाखवत सुटला. बाबाही मिशीत हसायचे. मला वाटलं, मी उगाच काळजी करत होते.

तोंडी परीक्षेत बाबांना ट्रेडमिलवर चालवून दाखवायचं होतं. त्या दिवशी सकाळी मी दुकानात हूक शोधत होते. बटणांच्या डब्यात, काजांच्या दोऱ्याखाली, बाबांच्या हृदयाच्या गोळ्या निघाल्या. पाकिटं न फोडलेली.

"बाबा, हे काय?"

"ओरडू नकोस. मेडिकलवाला म्हणाला, ठोके वाढू न देणं हेच त्या गोळीचं काम. त्याचा आकडा येत नव्हता गं. पोरगा रडकुंडीला आला होता."

माझं डोकंच फिरलं. मी विभागात धावत गेले आणि चॅम्पियनला व्हरांड्यात गाठून सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. क्षणभर वाटलं, आता तरी हा माणसात येईल. तो आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "आजचा दिवस जाऊ दे ना ताई. उद्यापासून चालू करू."

असल्या माणसाला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही. जे सुचतं ते बाबांसमोर बोलता येत नाही.

तेवढ्यात बाबाही मागून येऊन पोचले आणि तो त्यांना घेऊन प्रयोगशाळेत गेला. तिथे बाहेरून आलेल्या परीक्षक बाई बसल्या होत्या. मी दारात पोचले तोवर बाबा नवा शर्ट घालून ट्रेडमिलवर चढले होते आणि चॅम्पियनने बटण दाबलं होतं. मी दारातूनच ओरडले, "थांबवा! त्यांनी हृदयाची गोळी सोडलीय."

बाईंनी स्वतः यंत्र बंद केलं. बाबांना खुर्चीवर बसवून मनगट धरलं आणि शिपायाला गाडी बोलवायला पाठवलं. मग चॅम्पियनकडे वळल्या.

"गोळी चालू असताना दम कसा ओळखायचा?"

चॅम्पियन शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

"माणसाशी बोलून, त्याच्याकडे बघून. दुसऱ्या वर्षाला आहे हे. आणि गोळी अशी एकदम सोडली तर हृदय बंद पडू शकतं. बरं, व्यायामाने तेवढ्याच चालीला ठोके कमी व्हायला हवेत. तुमचे वाढले, आणि तुम्ही मिरवताय?"

तो नापास झाला. बाबा चार दिवस दवाखान्यात राहून घरी आले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. चॅम्पियन आता पुन्हा त्याच वर्षाला बसलाय आणि परीक्षक बाई खडूस होत्या असं सांगत फिरतो. बाबा गोळी घेतात, पण त्याच्या हातून. माझ्याशी बोलत नाहीत. दवाखान्यातून घरी आल्यावर एकच वाक्य बोलले होते, "पोराचं वर्ष घालवलंस." परवा एका गिऱ्हाइकाच्या पाठीचं माप घेता घेता म्हणाले, "पोरगा पहिला यायचा होता, पण घरचंच माणूस आडवं आलं." मी मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं. असं बोलायला माणूस जिवंत असावा लागतो.