विमलचा डावा हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. घरात यांनाही नाही. नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, आता कोण विचारतंय — पण सांगते.

मध्य प्रदेश नुकताच झाला होता. इंदूरच्या एका मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे, तेही टेम्पररी. उपमा-रूपकं शिकवताना माझी धाव सिंहासारखा शूर आणि चंद्रासारखं मुख यापलीकडे जात नव्हती. एकदा म्हटलं, घरातल्या माणसावर वाक्य करा. वाक्याचे तीन तुकडे हवेत, तिन्ही एका मापाचे. गिरणी कामगाराच्या विमलनं माझ्यासमोर बसून इंग्रजीत लिहिलं — चुलीपाशी आईचा हात चिमटा असतो, अंगणात खराटा असतो, मी तापले की ओलं मडकं असतो. मी वाचतच राहिले. हेवा वाटला का? वाटला.

विमलच्या लग्नाचं घाटत होतं. शाळा तपासायला इन्स्पेक्टरसाहेब येणार कळल्यावर ती म्हणाली, "बाई, साहेबांना बोला ना की हे माझं आहे. ते शाबासी देतील तर बाबा शाळा नाही सोडवणार." मी हो म्हटलं. अगदी तोंड भरून.

तपासणीसाठी आमची एक युक्ती होती. उत्तर येतं तिनं उजवा हात वर करायचा, येत नाही तिनं डावा. साहेबांना सगळा वर्ग हुशार दिसायचा, आणि मी उजवे हात बघून मुलींना उठवायचे.

त्या दिवशी विमलचं वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं होतं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. "वाह! किसका है, बहनजी?" विमल अर्धी उठलीसुद्धा होती. आणि मी — मला कायम करण्याची शिफारस त्यांच्या हातात होती, पण तेवढंच होतं का? — मी म्हटलं, "जी, मेरा ही है."

तोंडातून गेलेलं परत कसं घ्यायचं? विमल खाली बसली. उपमा म्हणजे काय, साहेबांनी वर्गाला विचारलं. सगळे हात वर. विमलचा डावा. ती माझ्याकडेच बघत होती. मी तिच्या शेजारच्या मुलीला उठवलं.

मी कायम झाले. जुलैत शाळा उघडली तेव्हा विमल नव्हती. तिच्या घरी गेले नाही. वडिलांना काय सांगणार होते? ते वाक्य मात्र पुढं दर वर्षी फळ्यावर लिहीत गेले. कुणाचं, असं पुन्हा कुणी विचारलं नाही.