आहुप्याच्या झऱ्याचा चुकलेला निकाल

आहुप्याचे पाणी मी हिवाळ्यात तपासले, ही चूक नव्हती. हिवाळ्यात तपासत आहे हे लक्षात घेतले नाही, ही चूक होती.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मी आंबेगाव तालुक्यातल्या डोंगरी झऱ्यांचा विषय निवडला होता. माझे गाव पेठ, त्याच तालुक्यातले; पण आम्ही हमरस्त्यावरची माणसे, आहुप्याला आमच्या घरातले कोणी कधी गेले नव्हते. विषय निवडण्यामागे सेवाभाव वगैरे काही नव्हता. या झऱ्यांवर आधी कोणी काम केलेले नव्हते आणि मला संशोधनासाठी परदेशी जायचे होते. त्या दोन गोष्टींचा मेळ बसत होता, एवढेच.

तपासणी सोपी होती. औषध लावलेली कागदाची पट्टी असलेली छोटी बाटली पाण्याने भरायची, बंद करायची आणि दोन दिवस ठेवायची. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर ती काळी पडते. देवराईतून उतरणाऱ्या झऱ्याच्या बाटल्या मी जानेवारीत भरल्या आणि शाळेच्या खिडकीत ठेवल्या. दोन दिवसांनी त्यांचा रंग जराही बदललेला नव्हता. गावकऱ्यांना विचारून मी झऱ्याखालच्या खडकावर हिरव्या रंगाने ‘पिण्यास योग्य’ असे ठळक लिहिले. अक्षर छान आले होते.

त्या दिवसांत माझा मुक्काम आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरांकडे असे. त्या नगरकडच्या, ख्रिस्ती, पन्नाशीच्या आसपासच्या. रोज सकाळी आंघोळ झाली की त्या चटईवर डोळे मिटून प्रार्थनेला बसत. एकदा मी सरळ विचारले, “सिस्टर, यातून नेमकं मिळतं काय?”

“तुला बाटलीतून काय मिळतं?”

“उत्तर.”

“मला उत्तर नाही गं मिळत. सोबत मिळते.”

मज्जासंस्थेला विश्रांती मिळत असावी, असा निष्कर्ष काढून मी तो विषय मिटवला.

एप्रिलअखेर वसतिगृहात प्रबंधाचे ‘पद्धती’ हे प्रकरण लिहीत होते. ‘तापमान: खोलीचे’ असे लिहिले आणि पेन थांबले. आहुप्यात ज्यांच्या घरी मी चहा घेत असे, त्या आजींचे एक वाक्य माझ्या टिपणवहीत होते: “बाय, ह्या गारठ्यात दही लागत न्हाई. मडकं चुलीपाशी ठेवावं लागतंय.” लोकव्यवहारातले गमतीदार निरीक्षण म्हणून मी ते उतरवून घेतले होते. जंतूंना वाढायला ऊब लागते, हे मी चार वर्षे परीक्षांत लिहीत आले होते. ज्या थंडीत दही लागत नाही, त्या थंडीत माझ्या बाटल्या काळ्या कशा पडणार होत्या?

मी तशीच आहुप्याला गेले. पुन्हा पाणी भरले आणि या खेपेस बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन दिवस कमरेला बांधून ठेवल्या, म्हणजे अंगाची ऊब मिळावी. तिसऱ्या दिवशी सकाळी फडके सोडले. सगळ्या बाटल्या शाईसारख्या काळ्या होत्या.

सिस्टरांनी त्या एकेक करून उजेडात धरल्या. मग म्हणाल्या, “तू चहाला जातेस त्या आजींच्या नातीला फेब्रुवारीत जुलाब झाले होते. लई वाईट. मीच सलाईन लावून घोडेगावला नेलं. पोरगी वाचली.” बाटल्या खाली ठेवून पुढचे सांगितले. “पण पाणी चांगलं म्हणून खडकावर लिहिलेलं. मग दोष कुणाचा? सुनेचा. तिचा हात घाण, तिची भांडी घाण. रोजची भांडणं. शेवटी सून माहेरी गेली, मढला. पोरगी आजीनं ठेवून घेतली.”

माझ्या प्रबंधात एक ओळ बदलली असती तर माझे काम भागले असते. खडक घासून काढला असता तर गावानेही काही विचारले नसते. हा हिशेब मी केला, हे लपवत नाही. मात्र तो केल्यापासून मी ताटावरून तशीच उठत होते. एका बाईच्या माथी मारलेला आळ माझ्या अक्षरातला होता आणि तो पुसण्याचे सामर्थ्य फक्त माझ्याकडे होते.

रविवार उजाडला. प्रार्थनेला सिस्टर एकट्याच असत, कारण त्यांचे चर्च दूर होते. मी जाऊन त्यांच्या चटईच्या कडेला बसले. प्रार्थना मला येत नव्हती. म्हणून मी निकाल सांगितला. काय केले, कसे केले, कुठे चुकले, त्याने कोणाचे काय झाले, आणि ते दडवण्याचा विचार माझ्या मनात किती सहज आला. ज्या ख्रिस्ताशी सिस्टर बोलत असत, त्याला मी हे मनात क्रमवार सांगत गेले. काहीच शिल्लक राहिले नाही, तेव्हा थांबले.

मग जे झाले ते मला आजही नीट मांडता येत नाही. बाहेर पाखरे ओरडत होती, पत्रा उन्हाने तडतडत होता, आणि माझ्या आत एक अथांग स्थिरता उतरली होती. मला कोणीतरी संपूर्ण ओळखत होते आणि तरीही माझ्यापासून तोंड फिरवत नव्हते. पर्यायी कारणे मी नंतर तपासली: उपास, थकवा, सिस्टरांचा सहवास. एकही पुरेसे ठरले नाही. तेवढ्या विशाल गोष्टीसमोर मी प्रथमच निष्कर्ष न काढता बसले. पुढे मी ख्रिस्ताला मानते असे घरी सांगितले, तेव्हा वडील एवढेच म्हणाले, “नाव बदलू नको. बाकी तुझं तू बघ.”

चटईवर मी डोळे उघडले तेव्हा सिस्टर चपला घालत होत्या. “चल झऱ्यावर.”

“देवाला सगळं सांगितलं, सिस्टर.”

“देवाला आधीच ठाऊक होतं. गावाला कुठं ठाऊक आहे?”

झऱ्यावर सात-आठ बायका पाणी भरत होत्या. मी काळ्या बाटल्या दाखवल्या आणि सारे सांगितले. पाणी उकळून प्या, असेही सांगितले.

“म्हंजी खडकावरचं खोटं?” एकीने विचारले.

“खोटं. चूक माझी.”

“घ्या! आमी तीन महिनं म्याडमचं अक्षर पितोय,” ती म्हणाली, आणि दोघी-तिघी हसल्या.

आजी हसल्या नाहीत. “दह्याचं तुमाला मी सांगितलं व्हतं ना, बाय?”

“सांगितलं होतं, आजी. मी लिहून घेतलं, समजून घेतलं नाही.”

भरलेला हंडा तिथेच ठेवून त्या निघून गेल्या. मी हंडा उचलून मागोमाग गेले. त्या उंबऱ्यात बसल्या होत्या.

“सुनंला काय काय बोलले मी,” त्या म्हणाल्या. “तिच्या आईबापाचा उद्धार केला. आता कोनच्या तोंडानं जाऊ?”

त्या दुपारी मी प्रथमच माझी श्रद्धा कोणाला तरी सांगितली. युक्तिवाद एकही नव्हता. सकाळी चटईवर जे घडले तेवढेच, अडखळत सांगितले. ख्रिस्ताने मला क्षमा केली, असे म्हणाले.

आजींनी डोळे बारीक केले. “तुमचा देव करतो माफ. सून करंल व्हय?”

“ते मला माहीत नाही, आजी.”

त्यांना बहुधा हेच उत्तर पटले. “मंग उद्या संगं चला.”

सकाळच्या एस.टी.ने आम्ही घोडेगावला उतरलो, तिथून जुन्नर, मग मढची गाडी. जुन्नर सुटल्यावर आजी माझा दंड धरून म्हणाल्या, “बाय, तुमच्या देवाला सांगा, मला बोलायला जमू दे.” खडखडत्या गाडीत, लोकांसमोर, आयुष्यात पहिल्यांदाच मी मोठ्याने प्रार्थना केली. डोळे उघडले तर कंडक्टर शेजारी उभा. “चालू द्या, चालू द्या,” तो म्हणाला, “मी पुढची तिकिटं काढून येतो.”

सून अंगण सारवत होती. आजींना पाहून ती उठली, शेणाचे हात तसेच लोंबत राहिले.

आजींनी वाटेत मनाशी तयार केलेले वाक्य तोंडातून आलेच नाही. त्या वाकल्या आणि सुनेच्या पायांना हात लावला. “पानी खराब व्हतं गं. तुझं काय बी चुकलं नव्हतं.”

सुनेने माझ्याकडे पाहिले. “खरं?”

“खरं. चुकीचं मी लिहिलं होतं,” मी म्हणाले आणि तिलाही सगळे सांगितले.

माफ केले, असे ती म्हणाली नाही. हातावरचे शेण बादलीच्या कडेला निपटले. मग विचारले, “पोरीचं केस कोन इंचारतं?”

“मीच. पर लई रडती.”

“टोकाकडनं सुरू करायचं असतं, आत्या. तुमी वरनंच वढत असनार.” तिने हात धुतले आणि कपडे बांधायला आत गेली.

आजी तिच्यामागे गेल्या. आतून दोघींचे बोलणे ऐकू येऊ लागले, आधी तुटक, मग एकमेकींत मिसळलेले. मी अंगणात उभी राहिले. पवित्र जागी काढतात तशा पायांतल्या चपला मी केव्हा काढून ठेवल्या, हे मला आजही आठवत नाही.