बॅरलखालचं तिकीट

नाना एस.टी.चं तिकीट कधी फेकत नसत. सोनगीरहून धुळ्याच्या स्टँडवर उतरले की तिकीट उभं दुमडून शर्टाच्या खिशात जाई आणि रायफल क्लबात आल्यावर प्रत्येकाच्या बॅरलखालून फिरे. बॅरल आणि लाकडाच्या मध्ये बारीक फट असते. तिच्यातून तिकीट न अडता शेवटपर्यंत गेलं की नाना म्हणत, "मोकळी शे." म्हणजे मोकळी आहे, बॅरल लाकडाला कुठे टेकत नाही. अडलं तर रायफल बाजूला. पोलिसांच्या शस्त्रागारात नोकरी काढलेला माणूस. पंचाहत्तरीनंतर कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देऊ लागला, तेव्हा म्हणाले, "फुकटचं तिकीटपण तेवढंच जाड असतं."

मी सावद्याचा केळीचा व्यापारी. रायफल घ्यायची तर खास बनवून घ्यायची, असं मी ठरवलं होतं: बॅरल निवडून आणलेली, अक्रोडाचा दस्ता माझ्या गालाच्या मापाचा. क्लबातल्या वकीलसाहेबांकडे तशी होती, आणि माझ्याकडे नेमापेक्षा हेवा जास्त होता. नाना मला दुकानात घेऊन गेले. कारखान्यातून आलेल्या तीन साध्या बोल्टच्या रायफली काउंटरवर मांडायला लावल्या, प्रत्येकीचा बोल्ट वीसदा मागेपुढे केला, तिकीट फिरवलं आणि नेमकी दस्त्यावर ओरखडा असलेली निवडली. मी तोंड वाकडं केलं.

"केळं डाग बघून घेतोस ते ठीक," नाना म्हणाले. "ही काय सोलून खायची आहे का?"

"पण खास बनवलेली..."

"खास शिवलेला कोट हलत्या माणसाला कसा बसेल, भो? आधी तू स्थिर हो. मग शिंपी शोधू."

क्लबात आल्यावर त्यांनी रायफलीच्या पोटातले दोन स्क्रू मनासारखे आवळले आणि स्क्रूपासून लाकडापर्यंत लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. रेघ जुळलेली म्हणजे स्क्रू जागेवर. मला पान्याला हात लावायची बंदी होती.

वर्षभर ती ओरखड्याची रायफल माझ्यापेक्षा शहाणी निघाली. मग दसरा आला. शस्त्रपूजेला बायको म्हणाली, "एक फूल वाहा, पुरे." पण माझी भक्ती मुठीने चालते. झेंडूचा हार, कुंकवात भिजवलेल्या अक्षता, लग्नात टाकतात तशा, नळीपासून दस्त्यापर्यंत. पूजा देखणी झाली. पुढच्या रविवारी माझ्या गोळ्या कागदावर वाट फुटेल तिकडे गेल्या.

मी सगळ्यांदेखत म्हणालो, "नाना, तुमचं ऐकून फसलो. आता बॅरल, दस्ता, सगळं नवं करून घेतो."

नानांनी खिशातून तिकीट काढलं. मी रायफल पेटीत घालून कुलूप लावलं. तिकीट तसंच त्यांच्या हातात राहिलं.

"संघाच्या निवडचाचणीपर्यंत हीच ठेव," ते शांतपणे म्हणाले. "हिच्यामुळे हरलास तर माझा शब्द गेला. मग मी इथं येऊन करू काय?"

वकीलसाहेबसुद्धा हसले नाहीत.

चाचणीच्या सकाळी सरावाच्या पाच गोळ्या मारल्या. पाच दिशांना पाच. माझा नंबर यायला वीस मिनिटं उरली होती. नाना कोपऱ्यातल्या बाकावर माझ्याकडे न बघता बसले होते. मी हरलो तर आज संध्याकाळी हा माणूस इथून शेवटची एस.टी. धरणार आणि ती मी धरायला लावणार, हे मला तेव्हा कळलं. मी रायफल घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो.

"नाना, तिकीट आहे का?"

टोमणा आला नाही. तिकीट अर्ध्यापर्यंत गेलं आणि अडलं. त्यांनी स्क्रू काढून बॅरल उचलली. लाकडाच्या खोबणीत तीन तांदूळ बसले होते, लालभडक, तेलात वाळून घट्ट.

"हाई रायफल शे, भो," नाना म्हणाले, "लगीनना मांडव नही."

तांदूळ निघाले, पण स्क्रू पुन्हा रेघेवर आणायचे होते. नाना पाना फिरवत होते. मध्येच थांबले.

"रेघ जुळली का?"

"तुमच्या समोरच आहे की."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची नजर रेघेवर नव्हतीच, दोन बोटं बाजूला होती. हा माणूस कधीपासून डोळ्यांनी बघत नव्हता, बोटांनी आणि तिकिटाने बघत होता. माझा नंबर पुकारला.

"अजून केसभर," मी म्हणालो.

"आता?"

"थोडं. थोडं. आली."

गोळ्या एकाच ठिकाणी जाऊ लागल्या. एकीच्या भोकात दुसरी. शेवटची गोळी उरली, आणि मला संघाच्या यादीत माझं नाव दिसू लागलं. तेवढ्यात बोटाने ट्रिगर ओढला. हलकेच दाबला नाही, झटक्यात ओढला. एका गुणाने मी संघाबाहेर राहिलो.

नानांनी कागदावरून बोट फिरवलं. मधला फाटका पुंजका चाचपला, मग दूरचं एकटं भोक.

"ही गोळी कोणाची?"

"माझी."

"वकीलसाहेब," त्यांनी वळून हाक मारली, "रायफल पास शे."

होळीनंतर नाना गेले. त्या सकाळचं तिकीट माझ्या पेटीत राहून गेलं होतं. त्यावरची छपाई आता पार उडाली आहे; सोनगीर ते धुळे, शून्य रुपये, हे फक्त मला माहीत. यंदा दसऱ्याला बायकोने अक्षतांची वाटी स्वतःच्या मागे धरली आणि मला एकच फूल दिलं. फूल उचलल्यावर मी तो कोरा कागद बॅरलखालून फिरवला. अर्ध्यावर पोचला तेव्हा श्वास रोखला होता. गेला, शेवटपर्यंत.

मोकळी शे, नाना.