रापणीतला न घेतलेला वाटा

नोकरी सोडून बरीच वर्षं झाली, पण ती घटना अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. माझ्या हातून खून उघडकीस आले, दरोडे उघडकीस आले. हे प्रकरण मात्र एका ओल्या पाटीतल्या गोळ्याचं होतं. त्यात शेवटी गुन्हासुद्धा दाखल झाला नाही.

तेव्हा मी मालवण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मी मूळचा घाटावरचा. समुद्र मला फोटोत आवडायचा आणि मासळीचा वास आला की माझं डोकं धरायचं. एका सकाळी हजेरी आटोपतेय तोच आमच्या खबऱ्याचा फोन आला. हा माणूस गावोगाव बर्फाचा टेम्पो फिरवायचा, त्यामुळे किनाऱ्यावर काय शिजतंय ते त्याला आमच्याआधी कळायचं. तो म्हणाला, "सायबानू, रापणीत काल उलटी गावली. मोठो गोळो आसा. भायरची पार्टी अकरा वाजता येतली. पण एक म्हातारी अडून बसली हा."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं, आणि उलटी म्हणजे देवमाशाची. अत्तरवाल्यांसाठी ती सोन्याहून महाग, आणि कायद्याने ती विकणंच काय, जवळ बाळगणंही गुन्हा. सापडली तर वनखात्याकडे द्यायची. म्हातारी अडून बसलीय याचा अर्थ माझ्या पोलिसी डोक्याने ताबडतोब लावला: बाई भाव वाढवून मागतेय, म्हणजे तीच म्होरकी.

स्टेशन डायरीत नोंद करून, दोन पंच आणि एक महिला शिपाई घेऊन आम्ही साध्या वेशात गावात पोचलो. किनाऱ्यावर एक उंची गाडी उभी होती. तिच्यातले दोघे गृहस्थ रापणीच्या तांडेलाशी, म्हणजे म्होरक्याशी, वाद घालत होते. आम्ही छापा घातला. माडाच्या झापांचा मांगर, म्हणजे जाळी ठेवायची खोप, तपासला, होडी तपासली, गाडी तपासली. गोळा कुठेच नव्हता. तेवढ्यात रिकामी पाटी काखेत घेऊन एक सत्तरीची बाई एसटीच्या थांब्याकडून चालत आली. तांडेलाने तिच्याकडे असं पाहिलं की मी ओळखलं, हीच ती. ती त्याची सख्खी काकी निघाली, नवऱ्यामागे तीस वर्षं पाटी डोक्यावर घेऊन मासे विकणारी.

तांडेल, काकी आणि गाडीतले दोघे, सगळ्यांना ठाण्यात आणलं. मुख्य आरोपीला सगळ्यात शेवटी विचारायचं, ही माझी पद्धत. वाट पाहून माणूस आतून सैल होतो. काकीला बाकावर बसवलं आणि तांडेलाला धारेवर धरलं. चाळिशीचा तगडा गडी, पण घामाघूम झाला होता. चाळीस जणांच्या रापणीत गोळा मिळाल्याचं त्याने कबूल केलं. विकायचा विचार होता, तेही कबूल केलं.

"मग काल रात्रीच का नाही विकलात?"

"काकीन नाय म्हटल्यान ना!"

"एका बाईने नाही म्हटलं म्हणून चाळीस माणसं थांबली? मला मूर्ख समजतोस?"

माझा आवाज चढलेला पाहून आमचे लेखनिक हवालदार पुढे झाले. ते त्याच पट्ट्यातले. त्यांनी मला समजावलं, की रापणीची दोरी किनाऱ्यावरून जे जे ओढतात, त्या प्रत्येकाचा जाळ्यातल्या मालावर हक्क असतो. मग तो होडीचा मालक असो की दोरीला हात लावणारी म्हातारी. सगळ्यांनी मान हलवल्याशिवाय इथे ढीग हलत नाही. आदल्या दिवशी एकोणचाळीस माना हलल्या होत्या आणि एक हलली नव्हती. रात्रभर तिची मनधरणी चालली होती.

मी बाकाकडे वळलो. "मावशी, गोळा कुठे लपवलात?"

"लपवतलंय कित्याक? पहाटे ह्यांचो डोळो लागलो तसो पाटयेत घातलंय, सकाळच्या एस्टीन ओरोसाक नेलंय नि फॉरेस्टवाल्यांच्या ताब्यात दिलंय."

माझा विश्वास बसेना. मी तिथल्या तिथे वनखात्याच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडचा अधिकारी अजून गोंधळलेलाच होता. म्हणाला, "होय साहेब, एक आजी आल्या होत्या. पाटीतून काढून गोळा टेबलावर ठेवला. आम्ही पंचनाम्याचे कागद शोधेपर्यंत एसटी चुकेल म्हणून निघून गेल्या. पोचसुद्धा घेतली नाही."

मी फोन ठेवला आणि ऐकलेलं सगळं मोठ्याने सांगितलं. मग तांडेलच उसळला. "काकी, माल रापणीचो! कोणाक इचारून दिलंस?"

"कोणाकच नाय," ती म्हणाली. "थंय माझा चुकला. इचारला असता तर तुमी माका जावक दिला नसता. म्हणान ह्या हंगामाचो वाटो माका नको. दोरी वढूक येतलंय, पण वाटो घेवचंय नाय."

हा दंड तिला कोणी ठोठावला नव्हता. कायदा तिच्या बाजूने होता, मी होतो. पण एकटीचा नकार माल थांबवू शकतो, एकटीची मर्जी तो देऊन टाकू शकत नाही, हा तिच्या किनाऱ्याचा नियम होता आणि तो आपण मोडला, हे तिने स्वतःच स्वतःला सुनावलं. खुर्चीत बसून असलं काही ऐकायची मला सवय नव्हती.

"मगे खातलंस काय?" पुतण्याने विचारलं.

"पाटी आसा मा माझी! लिलावात बोली लावन मासळी उचलतलंय नि इकतलंय."

मी तिला चहा मागवला आणि न राहवून विचारलं, "मावशी, एवढी दौलत सोडताना जिवावर नाही आलं?"

"इला तर!" ती हसली. "माझा घर गळता. छप्पर होया हुता. पण ह्या पोरांका तुरुंगात बघूचा नाय हुता. आणि सायबानू, मी कोणाच्या जीवार जेवणंय नाय. कोणाक बरा वाटूचा म्हणान माका हो म्हणूचा लागणा नाय."

मुद्देमाल सरकारजमा होता, व्यवहार झाला नव्हता. गाडीवाल्यांचे जबाब घेऊन, पत्ते लिहून त्यांना सोडलं. दोघांच्या बोटांत अंगठ्या होत्या, पोट भरायची काही अडचण दिसत नव्हती. म्हणजे हातात पैसा असला की माणूस आपोआप सरळ वागतो, असंही नाही.

हंगाम संपत आला तेव्हा मुद्दाम एकदा किनाऱ्यावर गेलो. रापण ओढून झाली होती. काकी घामाने भिजली होती. तांडेलाने सगळ्यांचे वाटे घातले आणि एक वाटा गुपचूप तिच्यापुढे सरकवला. तिने तो पायाने नव्हे, दोन्ही हातांनी मागे सारला आणि लिलावाच्या घोळक्यात जाऊन बोली लावली. मासळी डोक्यावर चढवून ती बाजाराकडे निघाली. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून, साध्या वेशात असूनही, तिला सलाम केला. तिने मला ओळखलं की नाही, कोण जाणे.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर खरं सांगतो. त्याच्या दोन वर्षं आधी एका वजनदार माणसाच्या मुलाचं नाव फिर्यादीतून वगळायचा मला तोंडी हुकूम आला होता. मी वगळलं. ज्याला मार बसला होता तो मजूर माझ्यासमोर हात जोडून उभा होता. बायकोला मी तेव्हा सांगितलं, नोकरीचा प्रश्न आहे, माझ्या हातात काय आहे? माझा पगार पक्का होता, डोक्यावर सरकारी छप्पर होतं, पुढे निवृत्तिवेतन होतं. नाही म्हटलं असतं तर फार तर बदली झाली असती. गळक्या छपराखालच्या त्या बाईला जे जमलं, ते मला जमलं नव्हतं.