राबातला बार

आमच्या पणजोबांबद्दल घरात दोनच गोष्टी सांगतात. ते इंग्रजांच्या पलटणीतून बसऱ्याला लढायला गेले, आणि परत येऊन त्यांनी डोंगराच्या उतारावर भाताचं शेत केलं. पहिली गोष्ट खरी असेल, मी काही बघायला गेले नव्हते. दुसरी मात्र आजही डोळ्यांसमोर आहे. तलासरीहून पूर्वेला आमच्या पाड्यावर आलात तर एक दगडी बांध दिसेल. इतरांचे बांध उतार वळेल तसे वळतात, आमचा सरळसोट जातो. रांगेत उभं राहायची सवय लागलेला माणूस, दुसरं काय! त्या बांधापायी एका कोपऱ्यात पाणी तुंबतं आणि तिथलं रोप दरवर्षी कुजतं. बाबा दरवर्षी चिडायचे, पण आपल्या आजोबांचा एक दगडही त्यांनी कधी हलवला नाही.

पणजोबांचे कागद बांबूच्या दोन पेरांच्या नळकांड्यात घालून छपराच्या गवतात, आढ्याखाली खोचलेले होते. पलटणीतून सुटल्याचा कागद, आणि हा तुकडा कसायला हरकत नाही अशी कुणा साहेबाच्या सहीची चिठ्ठी. धुरामुळे तिथे वाळवी लागत नाही, म्हणून ती जागा. पण हे सगळं मला पुढे कळलं. मी नऊ वर्षांची होते तेव्हा घरावर कौलं घालायची ठरली. बाबा आणि काका वर चढून जुनं गवत खाली टाकत होते आणि मी भारे उचलून राबावर नेत होते. आमच्याकडे जुनं गवत वाया घालवत नाहीत. भाताचं रोप जिथे पेरायचं, त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, टहाळ, गवत पसरून भाजतात, तो राब. एका भाऱ्यातलं काहीतरी कडक माझ्या डोक्याला सारखं टोचत होतं. मी वैतागून तो भारा सगळ्यांत आधी फेकला.

दुसऱ्या दिवशी राब पेटवला. मधेच फाडकन मोठा आवाज झाला, कुत्री पळाली. काका तेव्हा तरणाताठा, चेष्टेखोर. तो पाय जुळवून उभा राहिला, पलटणीतल्यासारखा सलाम ठोकला आणि म्हणाला, "आजोबांनी बार काढला!" आम्ही पोट धरून हसलो. बाबा तर खाली बसून हसले. त्याच पावसाळ्यानंतर काका बोर्डीला एका चिकूच्या वाडीत राखणीला गेला आणि पत्र्याची पेटी घेऊन तिकडेच राहिला.

वनहक्काचे दावे भरायची वेळ आली तेव्हा मी अंगणवाडीत सेविका होते, पाड्यातले अर्ज मीच भरून देत होते. बाबांना आपल्या दाव्याला ती साहेबाची चिठ्ठी हवी होती. त्यांनी कौलांखालचा वासा न् वासा चाचपला आणि मग काकाने नेलेली पेटी आठवली. कागद धाकट्यानेच नेले, असं ते चारचौघांत बोलले. काका बोर्डीहून धावत आला. बाबांनी त्याला उंबऱ्याबाहेरच उभं केलं. "आढ्याखालचं बांबूचं नळकांडं कुठाय?" असं बाबा ओरडले. लहानपणी भाऱ्यातून डोक्याला टोचलेलं ते काय होतं आणि राबात फाडकन काय फुटलं, हे मला त्या क्षणी कळलं.

मी बोलले नाही. उगाच खोटं कशाला सांगू, आधी बाबांच्या रागाची भीती वाटली. उद्या सांगू, दावा पास झाला की सांगू, असं करत गेले. काका जाताना विहिरीपाशी थांबला. माझ्याहून सोळा वर्षांनी मोठा माणूस, पण लहान पोरासारखं विचारलं, "तुला तरी वाटतं का गं, मी नेलं असेल?" मी नाही म्हणाले. तेवढंच म्हणाले. माझी मलाच अजून लाज वाटते.

पाहणीला माणसं आली तेव्हा त्यांनी कागद मागितलाच नाही. जुनी वहिवाट दाखवा आणि कुणी जाणता सांगणारा आणा, म्हणाले. सांगायला काका आला. बोलावलं नव्हतं, कुणाकडून तरी ऐकून पहाटेच्या पहिल्या एसटीने आला. तो त्यांना बांधावरून टोकापर्यंत घेऊन गेला, पाणी तुंबतं तो कोपराही दाखवला, जबाबावर सही केली. जमीन बाबांच्या नावावर होणार होती, तरी त्याने चकार शब्द काढला नाही. बाबा आंब्याखाली पाठ करून बसले होते. त्यांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. मी तांब्या दिला, तो उभ्यानेच प्याला आणि परत गेला.

दावा मंजूर झाला. दोघे भाऊ मात्र एकमेकांशी बोलले नाहीत, वर्षानुवर्षं नाहीत. गेल्या माघात काका बोर्डीलाच वारला. बाबांना निरोप मिळाला, त्यांनी ऐकून घेतला आणि गुरं सोडायला गेले. त्याला खांदा द्यायला आमच्या घरातून मी एकटी गेले, बाई असून.

तेराव्यानंतर मी बाबांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. भारा, टोचलेलं डोकं, राब. वाटलं होतं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी बांधाकडे बघितलं.

"सलाम त्यानेच ठोकला होता," ते म्हणाले. "आणि मी हसलो होतो."

मी हो म्हणाले.

"हे तो असताना बोलायचं होतंस."

मी आत जाऊन तांब्या भरून आणला. त्यांनी बघितलं आणि सुनेला, माझ्या भावजयीला, हाक मारून पाणी मागितलं. सहा महिने होत आले, माझ्या हातचं ते अजून घेत नाहीत.