डब्याला शिवलेली खोळ

मागच्या उन्हाळ्यात आमच्या बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये एक काळा डबा आला. चपलांच्या खोक्याएवढा, जाड ॲल्युमिनियमचा, वरच्या अंगाला उभ्या पट्ट्यापट्ट्या. मी मापला: लांबी तीस सेंटिमीटर, रुंदी एकवीस, उंची अकरा. आत एक नव्हे, तीन वेगवेगळे कॉम्प्युटर होते. पंखा मात्र एकही नव्हता. बटाट्याच्या चार थंड खोल्यांतल्या तापमापकांचे आकडे दर पाच मिनिटांनी त्याच्याकडे यायचे आणि कुठला कॉम्प्रेसर चालू करायचा, कुठला बंद, ते तो तिथल्या तिथे ठरवायचा. आमच्याकडे इंटरनेट दिवसातून चारदा जातं, त्यामुळे लांबच्या शहरातल्या मोठ्या कॉम्प्युटरला विचारत बसण्यात अर्थ नव्हता. तिघांतला एक बंद पडला तर बाकीचे दोघे त्याचं काम उचलणार, अशी सोय होती.

डबा बसवायला आली ती ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातल्या मराठी घरातली मुलगी. इंजिनिअर, सव्वीस वर्षांची. मी तिथला स्टोअरकीपर. मराठी ऐकल्याबरोबर तिने मला काका करून टाकलं.

"काका, चारी बाजूंनी चार बोटं जागा मोकळी ठेवायची. बाकी ह्याला काही होत नाही. धूल, धक्का, गर्मी, सब झेल लेता है."

"चार बोटं कोणाची? तुझी की माझी?"

"आठ सेंटिमीटर धरा," ती हसून म्हणाली.

मी पट्टी लावून पाहिलं. एका बाजूला साडेसात भरले, म्हणून तिला डबा अर्धा सेंटिमीटर सरकवायला लावला.

तीस दिवसांची चाचणी होती. तिच्यासाठी ही पहिलीच जागा, जी तिने एकटीने निवडली आणि बसवली. डबा चालला तर कंपनी तिला ग्वाल्हेरमध्येच कायम करणार होती. नाही चालला तर तिची नोकरी संपणार आणि ती पुण्याला भावाकडे काम शोधायला जाणार. इथे आईवडील दोघंच उरले असते. हे तिने मला पहिल्याच दिवशी स्क्रू पिळता पिळता सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगतेय.

सात दिवस उत्तम गेले. आठव्या दिवशी दुपारी आंधी आली. डबा होता त्या कॉम्प्रेसरच्या मशीनघरात बोटभर धूळ, त्यात पोत्यांचे तंतू. मी डबा फडक्याने पुसला, पण पट्ट्यांच्या फटींत बोट जाईना. घरी आल्यावर बायकोला म्हटलं, त्याला एक खोळ शिवून दे.

आमच्या घरात मिक्सरला खोळ आहे, वॉशिंग मशीनला आहे, टीव्हीला आहे, रिमोटला प्लास्टिकची पिशवी आहे. तिला नवल वाटलं नाही. तिने जुना जाड पडदा काढला, आतून अस्तर लावलं. "अहो, वायरींना भोक कुठे ठेवू?" एवढंच विचारलं. मी मापं दिली, प्रत्येक बाजूला एक सेंटिमीटर सैल धरून. नवव्या दिवशी सकाळी खोळ बसली. छान बसली. चारी बाजूंची आठ सेंटिमीटर जागा तशीच मोकळी होती.

त्याच दुपारी तिघांतला एक कॉम्प्युटर बंद पडला. संध्याकाळी दुसरा. उरलेला एकटा हळूहळू गाडा ओढत होता. आकडे पाच मिनिटांऐवजी वीस मिनिटांनी दिसायला लागले आणि धोक्याची घंटा वाजायला लागली.

ती दर दोन-तीन दिवसांनी यायची. तिच्या स्कूटीचा आवाज ऐकला की मी आधी खोळ काढायचो, घडी करून कपाटात ठेवायचो. पाहुणे आले की कव्हरं काढायची, ही आमच्या घरची रीत. कोणी सांगितलं म्हणून नाही, हात आपोआपच जातो. मग तिला ऑफिसात बसवून पाणी, मग मठ्ठा. ती डब्यापाशी पोचेपर्यंत अर्धा तास सहज जायचा, आणि तोवर तो गार. ती बंद पडलेले कॉम्प्युटर सुरू करायची आणि ते मुकाट चालायचे.

"काका, मी आले की हा एकदम साळसूद होतो. मैं गई, कि फिर बुखार." आतल्या तापमानाच्या नोंदी ती पुन्हा पुन्हा बघायची. "माझीच चूक आहे. जागाच चुकीची निवडली. कॉम्प्रेसरची गर्मी लागतेय. कंपनीतले सर पण हेच म्हणताहेत."

"मग हलव ना दुसरीकडे."

"हलवला की चाचणी फेल धरतात. जागा पण चाचणीतच येते ना."

तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं. मी तिला आणखी मठ्ठा दिला. ती गेल्यावर खोळ पुन्हा घातली.

तेविसाव्या दिवशी दुपारी तीन वाजता मालकांनी त्यांच्या सिटी सेंटर भागातल्या ऑफिसात बैठक ठेवली: डबा ठेवायचा की परत पाठवायचा. मला गोषवारा आणायला सांगितला होता. मशीनघराचं तापमान मी दर दोन तासांनी हाताने लिहितो, डबा असो नसो. त्या सकाळी मी ते आकडे आणि कॉम्प्युटर बंद पडल्याच्या वेळा शेजारी शेजारी मांडल्या. बाराव्या दिवशी मशीनघरात एक्केचाळीस, दोन कॉम्प्युटर बंद. सतराव्या दिवशी चव्वेचाळीस, आणि एकही बंद नाही. बेरीज चुकली असेल म्हणून पुन्हा पाहिलं, पण इथे बेरीज नव्हतीच.

सतरावा दिवस मंगळवार होता. मी बायकोला फोन लावला.

"खोळ धुवायला कधी आणली होती?"

"सोमवारी रात्री नाही का? मंगळवारी दिवसभर वाळली नाही, बुधवारी नेलीत. का हो?"

मी "काही नाही" म्हणून फोन ठेवला. खोळ काढली, डब्यावर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला. त्या पट्ट्या धूळ साठायला नव्हत्या. पंखा नाही म्हणजे उष्णता तिथूनच बाहेर जाणार, आणि मी त्यावर अस्तर लावलं होतं.

खोटं बोलत नाही: खोळ पिशवीत घालून घरी न्यावी आणि गप्प राहावं, हा विचार आला. डबा आपोआप नीट चालला असता. पण निकाल तीन वाजता होता. माझ्या गप्प बसण्याने ती वाचत नव्हती.

ऑफिसच्या जिन्यात ती भेटली. तिथेच सांगायला हवं होतं. मी "जेवलीस का?" एवढंच विचारलं.

मालक बसले होते. कंपनीचे तिचे सर मोबाइलच्या पडद्यावर. ते म्हणाले की जागेची निवड चुकली, जबाबदारी आमच्या इंजिनिअरची. ती खाली बघत होती. मी पिशवीतून खोळ काढून टेबलावर ठेवली आणि हिंदीत, जसं घडलं तसं, तारीखवार सांगितलं. तेरा दिवस ही खोळ डब्यावर होती. ती आली की मी काढत होतो. तिला माहीत नव्हतं.

मालकांनी खोळ उलटीपालटी केली. अस्तर बघितलं. "भाऊसाहब, आपने मशीन को रज़ाई ओढ़ा दी? ग्वालियर की मई में?"

"जी."

"और फिर भी एक चलता रहा?"

तोही हिशेब मी आणला होता. दिवसाला दोनशे अठ्ठ्याऐंशी याप्रमाणे तेरा दिवसांच्या तीन हजार सातशे चव्वेचाळीस नोंदी. पुष्कळ उशिरा आल्या, पण एकही गळली नव्हती. बटाटा सलामत होता.

मालक आधी हसले, मग पडद्याकडे वळून म्हणाले, "लड़की ने जगह ठीक चुनी थी। तीस दिन फिर से गिनो।"

जिन्यात मला वाटलं ती हसेल. ती थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "तेरा दिवस, काका. सरांनी राजीनामा लिहून ठेवायला सांगितलं होतं. मी लिहून पण ठेवला. आणि तुम्ही मला मठ्ठा पाजत होता."

मी चुकलो म्हणालो. ती खाली उतरून स्कूटीला किल्ली लावून गेली. बरोबरच होतं तिचं.

पुढचे तीस दिवस ती कामापुरतं बोलली. मठ्ठा दिला तर "नको, घाई आहे." डबा उघडाच होता. मशीनघरात तापमान सत्तेचाळीसपर्यंत गेलं, तरी तिघंही चालू राहिले. आंधी पुन्हा दोनदा आली. पट्ट्यांतली धूळ मी रंगाच्या ब्रशने काढायला शिकलो.

तिला पत्र आलं त्या दिवशी ती दुपारी अवेळीच आली. मोबाइल माझ्यासमोर धरला. मी दोनदा वाचलं: ग्वाल्हेर, कायम, तारीख.

"बाबांनी पुण्याचं तिकीट काढून ठेवलं होतं, परवाचं," ती म्हणाली. "मला विचारलं पण नाही. स्टेशनच्या खिडकीवर काढलेलं तिकीट आहे, रद्द करायला स्टेशनवरच जावं लागेल."

"आत्ता जातेस?"

"आत्ताच. आईने फोनवर रडून रडून वैताग आणलाय, तिकीट फाडलेलं बघायचंय म्हणते."

"फाडू नको. फाडलेलं घेत नाहीत खिडकीवर."

"माहीत आहे हो काका," ती म्हणाली आणि टेबलावरचा माझा मठ्ठ्याचा पेला उचलून उभ्या उभ्या पिऊन टाकला. "स्टेशनला पडावाकडून जाऊ का फूलबागेकडून?"

मी सांगितलं, या वेळी फूलबागेकडूनच बरं.