सुधाकरच्या खोलीत दिवा नाही

सुधाकर गेल्याचं सांगायला माझ्या मुलाचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा मी वरच्या खोलीत त्याच्या बरणीतलं पाणी बदलत होते. फोन ठेवला आणि उरलेलं पाणी बरणीत ओतलं. अर्धवट टाकून काय होणार होतं…

सुधाकर माझा धाकटा दीर. माझ्या लग्नात तो हाफपँटीत होता, म्हणून त्याला भाऊजी कधी म्हटलं नाही. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही आणि निवृत्तीनंतर समुद्राच्या पाण्यातून हायड्रोजन काढायच्या मागे लागला. तेही नागपुरात बसून! कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाला कॅन भरून आणायला सांगे. मी चौथी शिकलेली. मला कळलं ते एवढंच, की बरणीतल्या पाण्यात सोलरची वीज सोडली की हायड्रोजन सुटतो, आणि तो जाळला तर धूर होत नाही. पण खारं पाणी आतला पत्रा खाऊन टाकतं. न खाल्ला जाणारा पत्रा त्याला हवा होता. जेवता जेवता उठून वर पळे. ताटं झाकून मी कंटाळले.

"नागपुरातलं गोडं पाणी संपलं काय गा?" मी एकदा विचारलं.

"प्यायलेच पुरत नाही वहिनी. उन्हाळ्यात टँकरमागं तूच धावते ना?"

दवाखान्यात जायच्या काही दिवस आधी त्याने नवा पत्रा लावला होता. निघताना म्हणाला, "हा टिकून राहिला. खराब झाला तर होऊ दे, पण मधात बंद नको करू."

तो गेला त्या संध्याकाळी नणंदेने रिवाजाप्रमाणे त्याच्या खोलीत पिठावर दिवा मांडला. मी काडी तिच्या हातातून काढून घेतली. बरणीतून निघतं ते पेट घेतं, तिथे काडी ओढायची नाही, हा त्याचा नियम.

"माझ्या भावाले अंधारात ठेवतं काय वं? ते बरणीच बंद कर," ती म्हणाली.

बटण माझ्या हाताशी होतं. मी दिवा उचलला आणि खाली ओसरीत ठेवला. दहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवली मात्र माझ्याच हातचं.

दिव्याचे दिवस सरले, तेरवी झाली. एका जागी बसवत नाही. गुडघे दुखतात तरी वर जाते, थोडं जुनं पाणी काढते, नवं घालते. बुडबुडे येतात, पत्रा अजून चकचकीत आहे. त्याचं पुढे काय होईल, मला ठाऊक नाही… शेवटचा कॅन तळाला आला आहे.

काल शेजारीण रत्नागिरीला निघाली. काजू किती आणू, विचारत होती. मी रिकामा कॅन धुऊन तिच्या हातात दिला.